उपरण्याचे सूत कोणी निवडले?

आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांना वाटेल, हा काय इतिहासाचा विषय झाला? हातमागावर उपरणे, शेला किंवा गळ्याभोवती घ्यायची शाल विणायची, तर सूत कोणते घ्यावे? हा प्रश्न विणकराने सोडवावा, फार तर दुकानदाराने. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे इथे काय काम? काम आहे, बरं का. माणूस जेव्हा दोन वस्तूंमधून एक निवडतो, तेव्हा पुष्कळदा तो दोन माणसांमधूनही एक निवडत असतो, आणि ते त्याला ठाऊक नसते. गेल्या अडीचशे वर्षांत सुताच्या निवडीने हेच केले. ते कसे झाले, एवढेच आज पाहू.

आधी मागावर काय घडते ते समजून घेऊ. कापडात दोन तऱ्हांचे धागे असतात. मागावर ताणून बसवलेला उभा धागा म्हणजे ताणा. धोट्याबरोबर इकडून तिकडे जाणारा आडवा धागा म्हणजे बाणा. ('मराठी बाणा' तो वेगळा!) या दोघांचे नशीब मात्र अगदी निराळे. ताण्याचा धागा दिवसभर ताणलेला असतो, फणीतून हजारो वेळा घासला जातो, दर ठोक्याला ओढला जातो. म्हणून तो बळकट लागतो, त्याला पीळ भरपूर लागतो, आणि एवढे करूनही त्याला खळ द्यावी लागते. आपल्याकडे घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात ती याचसाठी. बाण्याला मात्र एवढे सोसावे लागत नाही. तो मऊ असला, पीळ कमी असला, थोडा जाडाबारीक असला तरी चालते.

आता उपरण्याचा विचार करा. ते मानेला लागते, खांद्यावरून सुळकन पडायला हवे, घाम टिपायला हवे. म्हणजे अंगाला हवा मऊ धागा आणि मागाला हवा कडक धागा. पीळ वाढवला तर धागा तुटत नाही पण मानेला टोचतो. पीळ कमी केला तर मानेला सुख, पण विणकराचा निम्मा दिवस तुटलेली टोके जोडण्यात जातो. सूत निवडण्याचा मूळ पेच हा एवढाच, आणि तो फार जुना आहे.

या पेचाला जुन्या कारागिरांनी काय उत्तरे दिली? आपल्या औरंगाबादचीच दोन उदाहरणे घेऊ. एक हिमरू. त्यात ताणा सुती आणि बाण्यात रेशीम. ताण सोसायचे काम कापसाने करायचे आणि झळाळी रेशमाने द्यायची. जरीच्या किनखापाची ही स्वस्तातली बहीण. नावाचा अर्थही 'त्याच्यासारखे' असाच सांगतात. दुसरे मशरू. त्यात उलटे: ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि वीण अशी की रेशीम सगळे वरच्या अंगाला दिसावे आणि त्वचेला मात्र सूत लागावे. मशरू या अरबी शब्दाचा अर्थ 'धर्माला मान्य'. पुरुषाने शुद्ध रेशीम अंगाला लावू नये असा धार्मिक संकेत होता. विणकराने नियम मोडला नाही, आणि रेशीमही सोडले नाही! पाहा, सुताच्या निवडीत धर्म, किंमत आणि अंगाचे सुख अशा तिन्ही गोष्टी एकाच मागावर बसल्या.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट आपण गृहीत धरली: सुती धागा ताण्याचा भार पेलतो. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, कारण या देशात हजारो वर्षे तसे सूत हाताने कातले जात होते. इंग्लंडात मात्र अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे साधलेले नव्हते. तिथल्या कातणाऱ्यांचे सुती धागे ताण्यात टिकत नसत. म्हणून तिथले विणकर ताणा जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा, घेत आणि बाणा तेवढा सुती. हिंदुस्थानी सुती कापडाचे तिकडे वेड लागले होते ते उगाच नव्हे. हे वेड इतके, की लोकर आणि रेशीमवाल्यांच्या ओरडीमुळे तिथे १७२१ साली छापील सुती कापड वापरण्यावरच कायद्याने बंदी आली.

मग १७६९ साली रिचर्ड आर्कराइटने पाण्यावर चालणाऱ्या कताई यंत्राचे पेटंट घेतले. शाळेच्या पुस्तकात आपण हे नाव औद्योगिक क्रांतीच्या यादीत पाठ केले आणि विसरलो. त्या यंत्राचे नेमके कर्तृत्व काय होते? ताण्याला पुरेल असे बळकट सुती सूत यंत्रावर निघू लागले. १७७४ मध्ये संपूर्ण सुती कापड तयार करायला तिथल्या कायद्याने मोकळीक दिली. १७७९ मध्ये सॅम्युअल क्रॉम्प्टनचे 'म्यूल' आले आणि बारीक सूतही यंत्रावर निघू लागले. क्रांती वगैरे पुढे झाली. आधी झाले ते एवढेच की ताण्याचा धागा तुटेनासा झाला.

इथून आपली गोष्ट सुरू होते. १८२० च्या दशकापासून विलायती सूत हिंदुस्थानच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर उतरू लागले. आपण सगळे असे शिकलो की विलायती कापडाने आपला विणकर मारला. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कापडाच्या बरोबरीने विलायती सूतही आले, आणि सूत आले तेव्हा विणकराला निवड करावी लागली. एका बाजूला गावातल्या बायकांनी चरख्यावर कातलेले सूत: मऊ, पण कमीजास्त जाडीचे, लड सोडवताना तुटणारे. दुसऱ्या बाजूला गिरणीचे सूत: एकसारखे, स्वस्त, ताण्यात न तुटणारे. विणकराला मजुरी मिळते विणलेल्या कापडावर. धागे जोडत बसण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. त्याने कोणते निवडले असेल? आपणही तेच निवडले असते.

या निवडीने कोणाचे काय झाले ते समजायला थोडे गणित करू. सुताचा नंबर म्हणजे काय? ८४० वारांची एक लड. अशा जितक्या लडी एका पौंडात बसतात, तो त्या सुताचा नंबर. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. वीस नंबरी सुताचे दीडशे ग्रॅमचे उपरणे घ्या. त्यात सुमारे पाच किलोमीटर धागा असतो! साध्या चरख्यावर सराईत हातही तासाला काही शे वारच कातू शकतो. म्हणजे एका उपरण्यामागे कातणारीचे दोन दिवस सहज गेले. तेच उपरणे साधे असेल तर विणायला अर्धा दिवस पुरतो. म्हणजे काय, तर कापडातले हाताचे काम बहुतांशी कताईत होते, विणण्यात नव्हे. एक माग चालायला चार चरखे लागत. विणकर आपल्याला दिसतो, कारण त्याची पेठ होती, जात होती, माग होता. कातणारी दिसत नाही. ती घराघरात होती, बहुधा बाई होती, आणि कातणे हा तिचा धंदा म्हणून कोणी मोजलाच नाही.

तिचा आवाज क्वचितच कागदावर उतरला. १८२८ साली 'समाचार दर्पण' या बंगाली वृत्तपत्रात शांतिपूरच्या एका विधवेचे पत्र छापून आले. तरुणपणी नवरा गेला, पदरात तीन मुली, आणि चरख्यावर तिने संसार निभावला. विणकर घरी येऊन तिचे सूत घेऊन जात. मग ते यायचे थांबले, कारण बाजारात विलायती सूत आले होते. तिची तक्रार आपण नीट ऐकली पाहिजे. तिच्या दाराशी कोणी इंग्रज आला नव्हता. तिच्याकडे यायचा थांबला तो तिच्याच गावचा विणकर. साम्राज्याचा इतिहास म्हणतो तो असाही घडतो: माणूस शेजाऱ्याला सोडतो, आणि त्यात त्याची दुष्ट बुद्धी मुळीच नसते.

तीर्थंकर रॉय, डग्लस हेन्स यांसारख्या अभ्यासकांनी अलीकडे दाखवून दिले आहे की हातमाग एकोणिसाव्या शतकात सगळा बुडाला नाही. बदलत, जुळवून घेत तो टिकला. आणि तो टिकला याचे एक कारण गिरणीचे सूत हेच होते. पुढे ते सूत मुंबईत निघू लागले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली सूतगिरणी काढली. १८७७ मध्ये नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि त्याच सुमारास सोलापूरची जुनी गिरणीही. गिरणी आणि हातमाग ही दोन टोके म्हणून आपण बोलतो. पण सोलापूरच्या पेठेतला पद्मशाली विणकर आणि गिरणीचा भोंगा एकाच धाग्याने बांधलेले होते. हे सत्य कोणत्याच बाजूच्या भाषणात बसत नाही, म्हणून ते सांगितले जात नाही.

आता गांधीजींकडे येऊ. त्यांची चरख्याची भक्ती सर्वांना माहीत. पण चरख्याकडे ते कसे पोहोचले हे आत्मकथेतच वाचण्यासारखे आहे. १९१५ साली कोचरबला आश्रम निघाला, पुढे तो साबरमतीला गेला. आश्रमवासीयांनी ठरवले की आपले कापड आपण हाताने विणायचे. माग आले, विणणे शिकून झाले. सूत कुठले? गिरणीचे! आजूबाजूचे विणकर तर बारीक कापडाला विलायती सूतच वापरत होते, कारण देशी गिरण्या तेवढे बारीक कातत नव्हत्या. आश्रमाने देशी गिरण्यांचे सूत मिळवले, तेही सहज मिळेना. मग गांधीजींच्या ध्यानात आले की आपण गिरण्यांचे बिनपगारी दलाल झालो आहोत. विणणे हाताचे, पण हाताला काम किती मिळाले? मघाचे गणित आठवा.

मग चरख्याचा शोध सुरू झाला. १९१७ साली भडोचच्या परिषदेत गंगाबेन मजमुदार भेटल्या. पुष्कळ भटकंतीनंतर बडोदे संस्थानातल्या विजापुरात त्यांना चरखे सापडले, माळ्यावर टाकलेले. बायका कातायला तयार होत्या, पण अट एक: पेळू आणून द्या आणि सूत विकत घ्या. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, जिच्यातून धागा ओढतात. उमर सोबानी या मुंबईच्या गिरणीमालकाने आपल्या गिरणीतून पेळू पाठवले. सूत इतके निघू लागले की सांभाळणे कठीण झाले.

आणि इथे गांधीजी पुन्हा अडले. गिरणीचा पेळू चालतो, तर गिरणीचे सूत का चालू नये? हा प्रश्न त्यांचा स्वतःचाच आहे. मग पिंजारी शोधला. त्याने महिन्याला पस्तीस रुपये मागितले, ते कबूल केले. आणि मुंबईत कापसाची भिक्षा मागितली. अशी पहिली खादी निघाली, ती वाराला सतरा आणे पडली. तीही एवढ्या कमी पन्ह्याची, की पंचेचाळीस इंच पन्ह्याच्या धोतरासाठी गंगाबेनना महिन्याची मुदत घालून द्यावी लागली.

आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना इथे एक जुना ओळखीचा पेच दिसतो. त्याला अनवस्था म्हणतात. एका पायरीचे कारण विचारले की दुसरी पायरी, तिचे विचारले की तिसरी, आणि थांबायचे कुठे हे ठरत नाही. कापड हाताचे हवे, मग सूत हाताचे हवे, मग पेळू हाताचा हवा. मग सरकी काढणेही हाताचे नको का? चरख्याची चाती लोखंडी असेल, तर ते लोखंड कोणत्या कारखान्याचे? शुद्धता हा निकष धरला तर या शिडीला शेवटची पायरी नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की गांधीजींचा खरा निकष शुद्धता नव्हता, आणि तो तसा समजल्याने खादीचे नुकसानच झाले. निकष हा होता: या पायरीवर रिकामा हात आहे का, आणि आपण हे सूत घेतले तर त्या हाताला काम मिळते का? या प्रश्नाला थांबण्याची जागा आहे. ती जागा तत्त्व सांगत नाही. गावात जाऊन पाहावी लागते.

यावर आक्षेप आलाच. १९२५ साली रवींद्रनाथांनी चरख्याच्या पंथावर टीका करणारा लेख लिहिला. सगळ्यांनी एकच काम, तेही यंत्रवत, करत राहावे यात बुद्धीची हानी आहे, असा त्याचा रोख. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन दिवस कातून एक उपरणे होत असेल आणि त्या दोन दिवसांचे मोल कोणी देत नसेल, तर कातणे हा उद्धार म्हणायचा की शिक्षा? चरखा संघही त्याच १९२५ साली निघाला, आणि दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, त्याला नेमक्या याच प्रश्नाला सामोरे जावे लागले: कातणारीला पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे. विनोबांनी तर स्वतः कातून, त्या मजुरीत पोट भरते का, याचा प्रयोग करून पाहिला. मजुरी वाढवली की खादी महागणार आणि गिऱ्हाईक कमी होणार, हे दिसत होते. तरी मजुरी वाढवायची ठरली. शांतिपूरच्या त्या बाईला शंभर वर्षांनी मिळालेले हे पहिले धड उत्तर.

स्वातंत्र्यानंतर हा सगळा झगडा कायद्याच्या दोन व्याख्यांत जाऊन बसला. १९५६ च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यानुसार खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी वा लोकरी धाग्यापासून, भारतात हातमागावर विणलेले कापड. हातमागाच्या कापडाला मात्र हातकताईची अट नाही. माग हाताचा असला की झाले. दुकानात शेजारी शेजारी टांगलेली दोन उपरणी, दोन्ही हातमागाची. एक खादी, दुसरे नाही. फरक फक्त सुताचा. पुष्कळ खादी वापरणाऱ्यांनाही हा फरक सांगता येत नाही.

पण इतिहास इथेही थांबत नाही. पुढे अनेक चात्यांचा अंबर चरखा आला; एका हाताने चाक फिरवायचे आणि चार, सहा, आठ धागे निघायचे. त्याला एकसारखा पेळू लागतो. म्हणून खादी आयोगाने चित्रदुर्ग, सिहोर अशा ठिकाणी मध्यवर्ती पेळू कारखाने काढले. तिथे पेळू यंत्रावर तयार होतो आणि तो कताई केंद्रांना जातो. म्हणजे गांधीजींनी जो पेळू नाकारला, तोच आज खादीचा पाया आहे. हा दांभिकपणा का? शुद्धतेचा निकष लावला तर होय. कामाचा निकष लावला तर विचारावे लागेल: पिंजण्याला आज रिकामा हात आहे का? त्या धुळीत कोणाला बसवायचे आहे? कातणारीच्या दिवसाची कमाई अंबरने वाढते की नाही? प्रश्न बदलला की उत्तरही बदलते.

काश्मीरकडे पाहा. चांगथांगच्या बकरीची लोकर इतकी तलम की यंत्रावर कातायची तर तिच्यात नायलॉन मिसळतात आणि मागाहून ते विरघळवून काढतात. हाताने कातणाऱ्या काश्मिरी बायकांचे काम त्यामुळे गेले. काश्मीर पश्मिन्याला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात हातकताईची अट घातली ती म्हणूनच. दोनशे वर्षांनी, दुसऱ्या धाग्यावर, तीच गोष्ट.

मग आज कोणी आपल्याला विचारले, हातमागाच्या उपरण्याला सूत कोणते घ्यावे, तर काय सांगावे? ताण्याला गिरणीचे दुपदरी सूत आणि बाण्याला हातकताईचे मऊ सूत ही जोडी मागालाही मानवते आणि मानेलाही. हिमरूवाल्यांची अक्कल यात आहे. कायदा त्याला खादी म्हणणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या बाण्यातून एका कातणारीचा दिवसभराचा रोजगार निघतो. ते कापड खादी म्हणून विकणे ही फसवणूक. 'ताणा गिरणीचा, बाणा हाताचा' असे चिठ्ठीवर लिहून विकणे हा प्रामाणिक व्यवहार. थंडीसाठी हवे असेल तर लोकर घ्या, पण दख्खनी मेंढीची लोकर मानेला नव्हे, खांद्याला. पावसात घोंगडीने काय काम केले आहे ते धनगराला विचारा.

आणि आपण घेणाऱ्यांनी? आपल्याकडे प्रत्येक समारंभात शाल-श्रीफळ देतात. नारळ कुठला ते आपण कधी वाजवूनही पाहतो, शाल कुठली ते पाहत नाही. तिच्या काठाचा एक धागा काढून जाळून पाहा. जळलेल्या कागदाचा वास आणि मऊ राख, तर सूत. जळक्या केसाचा वास, तर लोकर वा रेशीम. काळी कडक गुठळी झाली, तर तो कृत्रिम धागा, आणि त्यात ना कातणारी ना बहुधा विणकर. सत्कार झाला खरा, पण तो कोणाच्या हातून झाला?

शांतिपूरच्या त्या बाईच्या दाराशी विणकर आला नाही, कारण त्याला दुसरे सूत स्वस्त पडत होते. त्याला दोष देणे सोपे नाही, कारण त्याच्यापुढे पोट होते. आपल्यापुढे ते नाही. आपण दुकानात उभे असतो, वेळ असतो, दोन पैसेही असतात. एवढेच विचारायचे असते: हे विणले कोणी, आणि हे कातले कोणी? पहिला प्रश्न आता बरेच लोक विचारू लागले आहेत. दुसरा अजून फारसा कोणी विचारत नाही. तो विचारायला सुरुवात करू या.